शेजारच्या म्हशीला एरंडेल

(चारकोपच्या एका सेक्टरातलं बैठं घर. रविवारची दुपार. मधे कॅरमबोर्ड, त्यावर पेढ्यांचा उघडा खोका.)

भिकाजी : ...आणि म्हणूनच हे मी आजवर कुणाकडे बोललो नाही. विश्वास कोणी ठेवणारच नाही! तुझा बाप माझा सख्खा थोरला भाऊ, तो ठेवणार नाही. ही तुझी काकी, माझी लग्नाची बायको, ती तर आत्ताच ठेवत नाही.

सुगंधा : मी अजून ऐकलंसुद्धा नाही.

भिकाजी : बघ! न ऐकताच ठेवत नाही!

अनुपमा : काका, मी पेढे द्यायला आलेय. उद्या मी शोधलेल्या ताऱ्याच्या बातमीचा टेलेक्स जाणार परदेशी. आधी पेढा खा, मग काय ते सांगा.

भिकाजी : चार खाल्ले.

सुगंधा : दोन.

भिकाजी : अनू, तू त्या आकाशातल्या एक्स-रेच्या दुर्बिणीवर काम करतेस म्हणून तुला सांगतोय. दुसऱ्याला कळायचंच नाही. ती दुर्बीण गेल्या वर्षी बिघडली होती. नीट कोणी केली, सांग.

अनुपमा : बिघडली नव्हती.

भिकाजी : तुमच्या ऑफिसात कळवलं नसेल. अब्रूचा प्रश्न.

अनुपमा : बरं. कोणी केली?

भिकाजी : मी.

सुगंधा : घ्या! गेल्या वर्षी ह्यांच्याकडून मोरीचा नळ नीट झाला नाही. शेवटी माणूस आणला.

भिकाजी : नळ खाली असतो, सुगंधा. दुर्बीण वर असते. खालच्या कामात मला गोडी नाही.

अनुपमा : अहो, ती लाख किलोमीटर वर फिरते! पाना घेऊन गेलात की काय?

भिकाजी : जातोय कशाला? मनोरीत बसून केली. ऐक. तिथल्या गुणाजीच्या मुलीची हळद होती, म्हणून मार्व्याला तरीच्या होडीत बसलो आणि खाडीपलीकडे उतरलो. उतरतो तर काय, बोंबील वाळत घातलेत त्या बांबूंच्या खाली एक गोरा बसलाय. साडेसात फूट उंच. आणि ढसाढसा रडतोय!

सुगंधा : ह्यांच्याएवढा असेल. आणि डोळ्यात बोंबलाचं काहीतरी गेलं असेल.

अनुपमा : काकी, बोलू दे गं त्यांना. कोण होता तो?

भिकाजी : तुझ्या दुर्बिणीचा मालक! सुट्टी घेऊन मनोरीच्या कॉटेजमध्ये आला होता, दुःख विसरायला. नाव हान्स. मी हंसराज म्हणायचो.

अनुपमा : मालक नसतो हो दुर्बिणीला. आणि तुम्ही बोललात कुठल्या भाषेत?

भिकाजी : सुरुवातीला तो रडत होता, त्याला भाषा लागत नाही. नंतर त्यानं मालवणी शिकून घेतली.

अनुपमा : कधी?

भिकाजी : जेवणापर्यंत. हुशार माणूस. भाकरी मोडता मोडता म्हणतो कसा, "भिकाजीनू, माजी वाट लागली हा! माजी दुर्बीण नको थंय बघता!"

सुगंधा : शिरा पडो त्या जिभेवर. गोरा माणूस "भिकाजीनू" म्हणाला?

भिकाजी : आदरानं म्हणाला. मी विचारलं, काय झालंय दुर्बिणीला? म्हणाला, आम्ही म्हणतो ह्या ताऱ्याकडे बघ, ती "हो" म्हणते आणि बघते त्याच्या शेजारच्याकडे. मी म्हटलं, माझी मेव्हणी अशीच आहे.

सुगंधा : माझी बहीण चकणी नाहीये!

भिकाजी : मी नाव घेतलं काय?

अनुपमा : नाही, पण काका, हे असं होतं हं. काकी, खरंच होतं. दुर्बिणीला दोन डोळे असतात. एक डोळा साधे तारे बघतो आणि सांगतो, आपण आत्ता अमुक ठिकाणी वळलोय. दुसरा डोळा एक्स-रे बघतो. दोन्ही अगदी एका रेषेत बसवलेले असतात. पण वर जाताना काय ते हादरे, आणि वर गेल्यावर एका बाजूला कडकडीत ऊन, दुसऱ्या बाजूला गारठा. नळी केसभर वाकते. मग पहिला डोळा म्हणतो, मी इथं बघतोय, आणि दुसरा बघत असतो जरा बाजूला.

सुगंधा : मग चकणीच की.

भिकाजी : झकास! आता कसं बोललीस! तर मी हंसराजला विचारलं, कधी डावीकडे चुकते, कधी उजवीकडे, असं आहे काय? म्हणाला, नाही, सदा उजवीकडेच. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, मग रडतोस कशाला रे मेल्या? हा आजार नाही, खोड आहे! खोडीवर इलाज असतो. एखादी ओळखीची वस्तू आण, आतून चमकणारी, तिच्याकडे दुर्बीण वळवून बघू. आणि मला आठवली सखुबाईची नथ!

अनुपमा : नथ?

भिकाजी : आरेत मी दुधाची गाडी चालवायचो तेव्हापासून ओळखतो ना मी तिला. मोठा तबेला तिचा, चाळीस हजार म्हशी.

सुगंधा : चाळीस.

भिकाजी : चाळीस तर चाळीस. तिची मोत्यांची नथ पेंडीत पडली आणि म्हशीनं खाल्ली. कुठल्या म्हशीनं, ते कळेना. सखुबाई तीन दिवस जेवली नाही.

सुगंधा : एक वेळ.

अनुपमा : एक मिनिट. तुम्ही आकाशातली दुर्बीण आरे कॉलनीकडे वळवली?

भिकाजी : हंसराजच्या ट्रंकेत रेडिओ होता. त्यानं बटण फिरवलं, वर दुर्बिणीनं मान वळवली. मुंबई दिसली, गोरेगाव दिसलं, सखुबाईचा तबेला दिसला. तिच्या तबेल्यात सगळ्या म्हशींचे सांगाडे ओळीनं रवंथ करतायत! काय देखावा होता, चेडवा! बरगड्या अशा हलतायत, शेपटीची हाडं माशा मारतायत—

अनुपमा : पकडलं! काका, पकडलं तुम्हाला! एक्स-रे हवेतून जातच नाहीत. हवा गिळून टाकते त्यांना. म्हणून तर दुर्बीण वर पाठवावी लागते. खाली बघून तिला काही म्हणजे काही दिसणार नाही.

भिकाजी : एरवी नाही दिसत. तो सोमवार होता.

अनुपमा : मग?

भिकाजी : रविवारी सगळी मुंबई घरी बसून पोटभर श्वास घेते. सोमवारी हवा उरते किती? पातळ झालेली असते बिचारी.

अनुपमा : काकी! काकी, मला हसून ठसका लागला. पाणी दे.

सुगंधा : हे घे. आणि हसू नकोस, त्यांना चढतं.

भिकाजी : त्या सोंगट्या दे इकडे. पेढे बाजूला कर. ही बघ, ही ओळ म्हशींची. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. दुर्बिणीत बघितलं तर चौथीच्या पोटात नथ चमकतेय, एकेक मोती दिसतोय. मी तरीनं अलीकडे आलो, बस पकडली, आरे गाठली. म्हटलं, सखुबाई, चौथी! चौथीला एरंडेल पाजलं.

अनुपमा : अरे देवा. मग?

भिकाजी : मग काय सांगू! तबेला धुवायला मालाडहून बंब आला. पण नथ नाही.

सुगंधा : दोन बादल्या पाणी लागलं असेल.

भिकाजी : सखुबाई मला मारायला धावली. मी म्हटलं, थांब बाय, दोष म्हशीचा नाही, दोष नजरेचा आहे. माझा जेवणाचा स्टीलचा डबा काढला आणि टांगला पहिल्या म्हशीच्या गळ्यात. मनोरीला निरोप पाठवला, हंसराजा, माझा डबा खंय दिसता? उत्तर आलं, दुसरीच्या गळ्यात! झालं. डबा पहिलीकडे, दिसतो दुसरीकडे. म्हणजे नथ दिसते चौथीकडे, तर ती असणार—

अनुपमा : तिसरीकडे.

भिकाजी : तिसरीला एरंडेल! संध्याकाळी सखुबाई नथ घालून देवळात. आणि हंसराजनं दुर्बिणीला तेवढा एका म्हशीचा वळसा कायमचा लावून टाकला. तेव्हापासून नीट चाललीय. तुझा जो काय नवीन तारा तुला दिसला, तो माझ्यामुळे.

अनुपमा : टाळ्या! काकी, टाळ्या! पण एक सांगू? ह्यातलं डब्याचं बरोबर आहे. गोरा खोटा, म्हशी खोट्या, सोमवार तर महाखोटा. पण डबा अगदी बरोबर. असंच करतात. नवीन काही दिसलं, की त्याच चित्रात जुन्या ओळखीच्या वस्तू शोधायच्या. त्या असायला हव्यात तिथं दिसतायत का बघायचं.

सुगंधा : तू बघितलंस?

अनुपमा : म्हणजे काय! त्याशिवाय सर टेलेक्स पाठवतील? श्यामकांत सर भयंकर कडक आहेत. दाखवू? काका, तुमच्या म्हशी उचला, मी आकाश मांडते. काकी, तुझ्या हातातली ती बांगडी दे.

सुगंधा : काचेची आहे. फुटली तर बघ.

अनुपमा : नाही फुटत. आता हं, पांढऱ्या सोंगट्या म्हणजे खरे तारे. फोटोत दिसतात, पिढ्यान् पिढ्या लोक बघतायत, त्यांच्या जागा पक्क्या. काळ्या म्हणजे एक्स-रेचे ठिपके, आपली दुर्बीण जिथं सांगते तिथं. हा एक पांढरा तारा. हा त्याचाच काळा ठिपका. बघा, नेमका वर नाही बसत, जरा बाजूला पडतो. तेवढं चालतं. त्याला आम्ही थोडी सूट देतो. काळ्याभोवती ही बांगडी ठेवायची, आणि पांढरी सोंगटी बांगडीच्या आत आली की पास.

सुगंधा : आली. काठाला आली, पण आत आहे.

अनुपमा : हा दुसरा तारा. त्याचा ठिपका इथं. परत बांगडी. तोही आत.

भिकाजी : काठाला.

अनुपमा : काठाला तर काठाला, आत आहे ना? आणि आता राणी. ही तांबडी सोंगटी, हा माझा ठिपका! हिच्याभोवती बांगडी ठेवली. आत काय आहे?

सुगंधा : काही नाही.

अनुपमा : काही नाही! फोटोत तिथं काळोख आहे, काकी. आणि त्या काळोखातून एक्स-रे येतायत! म्हणजे तिथं असं काहीतरी आहे जे आजवर कुणालाच दिसलेलं नाही. सर्वांत आधी मी बघितलं, चारकोपच्या भिकाजीची पुतणी. मार्चमध्ये माझी फेलोशिप संपते. हा तारा आहे तर मला तिथं खुर्ची आहे. नाहीतर बाबांनी शाळेतल्या नोकरीचं बघून ठेवलंच आहे.

भिकाजी : शाळेत नाही जायचं तू. मी सेक्टरभर सांगून ठेवलंय, पुतणीनं तारा काढला, आणि ताऱ्याचं नाव भिकाजी.

अनुपमा : नाव नाही हो देत, नुसता नंबर असतो!

भिकाजी : मग नंबर आपल्या घराचा टाक.

सुगंधा : आणि ही पांढरी कसली, बांगडीच्या बाहेर ठेवलीस ती?

अनुपमा : तो आहे एक तांबूस तारा. अधूनमधून भडकतो. असे तारे एक्स-रे सोडतात, त्यात काही नवल नाही. पण तो बांगडीच्या बाहेर आहे ना, केसभर का होईना. म्हणून तो नाही. आम्ही विचारच सोडून दिला त्याचा.

भिकाजी : बघ सुगंधा, पोरीनं कसं समजावलं! आणि तू मला थापाड्या म्हणतेस. डबा बरोबर निघाला की नाही?

सुगंधा : तुम्हाला कोणी थापाडे म्हटलं? मला तुमचा त्रास नाही. अनू, खरं सांगते, ह्यांच्या थापांचा मला काडीचा त्रास नाही. लग्न झालं त्या वर्षी झाला. हे म्हणाले, दहा माणसं जेवायला येतायत. मी दहा जणांचा भात टाकला, आले दोघं. आठवडाभर परतलेला भात खाल्ला. मग मला कळलं ह्यांचं माप. आता हे दहा म्हणाले की मी दोघांचा टाकते. हे म्हणाले, बिबट्या बघितला, की मी समजते, कुत्रा. बरोबर बसतं.

भिकाजी : आणि तो खरा बिबट्या आला होता तेव्हा?

सुगंधा : तेव्हा तुम्ही "वाघ आला, दोन वाघ" म्हणालात! म्हणून तर मी दार लावलं.

अनुपमा : काकी, तू ग्रेट आहेस यार!

सुगंधा : अगं, ह्यांचं बरं आहे. सदा वाढवून सांगणार आणि सदा स्वतःकडे ओढणार. लहान करून कधी सांगणार नाहीत, दुसऱ्याकडे कधी ढकलणार नाहीत. चंदर भावोजींचं तसं नाही. ते आज वाढवतात, उद्या घटवतात, परवा चुकून खरं बोलतात. त्यांच्या बोलण्यातून वजा काय करणार? त्यांच्या घरी मी भात टाकायला जात नाही.

भिकाजी : चंदरला थाप मारता येतच नाही. त्याला वळण नाही.

अनुपमा : एकदम बरोबर! काकी, तू जे सांगितलंस ना, ते आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. चंदर काका म्हणजे इकडेतिकडे विखुरलेली चूक. तिला काही करता येत नाही, सूट द्यायची, बांगडी ठेवायची आणि गप्प बसायचं. भिकाजी काका म्हणजे एकाच अंगाला झुकलेली चूक. तिला बांगडी लावायचीच नसते. तिथं बांगडी लावली तर फसगत. तिथं नुसतं किती चुकलं हे बघून भागत नाही, कुठल्या बाजूला चुकलं तेही बघायचं असतं. सगळ्या चुका एकाच बाजूला असल्या, म्हणजे सगळ्या काळ्या सोंगट्या पांढऱ्यांच्या एकाच—

भिकाजी : एकाच काय?

अनुपमा : ही काळी... आणि ही काळी...

भिकाजी : काय गो? पेढा अडकला?

अनुपमा : दाराच्या बाजूला आहेत.

सुगंधा : कोण आहे दारात?

अनुपमा : काळ्या सोंगट्या. बघा ना! ही पांढरी, तिची काळी दाराकडे. ही पांढरी, तिचीही काळी दाराकडे. जवळजवळ तेवढ्याच अंतरावर! काका! चंदर काका नाहीत हे, भिकाजी काका आहेत! दोन्ही ठिपके दाराकडे सरकलेत! आम्ही नुसती बांगडी लावत बसलो. किती चुकलं ते मोजलं, कुठे चुकलं ते कुणी बघितलंच नाही! झकास! अहो, कसलं भारी आहे हे! दुर्बिणीला खोड आहे! तुमच्या सगळ्या म्हशी शेजारच्या आहेत!

भिकाजी : मग! मी काय सांगत होतो! हंसराजनं परत काहीतरी घोळ घातलेला दिसतोय!

अनुपमा : आता फक्त तेवढं वजा करायचं! काळी उचलायची, दाराच्या उलट, मोरीकडे एवढी सरकवायची. बसली पांढरीवर! दुसरी सरकवली. बसली! टकाटक! काकी, बघ, कशी टोपीसारखी बसली!

सुगंधा : बसली खरी. आणि तांबडी?

अनुपमा : तांबडीसुद्धा, सगळ्यांना तेवढंच. ही उचलली, मोरीकडे सरकवली, आणि—

सुगंधा : ती तर त्या बाहेरच्या पांढरीवर बसली.

अनुपमा : हो.

सुगंधा : तो भडकणारा तारा ना तो? नवल नाही म्हणालीस तो?

अनुपमा : हो, तोच.

सुगंधा : म्हणजे तुझा तारा?

अनुपमा : तो तोच आहे, काकी. माझा असा वेगळा नाहीच.

भिकाजी : थांब, थांब. सोंगटी हलली असेल. मी पेढ्याचा खोका जोरात सरकवला मघाशी.

अनुपमा : नाही काका, मी खोक्यानंतर मांडलं. हे चित्र मला झोपेतही मांडता येतं.

सुगंधा : माझी बांगडीच लहान. जरा मोठी घेतली असतीस तर?

अनुपमा : तर तो तारा आतच आला असता, आणि मी पेढे आणलेच नसते.

सुगंधा : अनू, मी एक विचारू? रागावू नकोस. हे तुला आत्ता इथं कळलं. आमच्या कॅरमवर. तुझ्या सरांना काही माहीत नाही. परदेशातल्या लोकांना नाही. उद्या तू काही बोललीच नाहीस तर?

अनुपमा : तर टेलेक्स जाईल. माझं नाव छापून येईल. मार्चनंतर खुर्ची मिळेल.

सुगंधा : मग?

अनुपमा : मग कुठेतरी कुणीतरी ते वाचेल, आपली दुर्बीण तिकडं वळवेल आणि रिकाम्या काळोखाकडे बघत बसेल. त्या दुर्बिणीवर वेळ मिळायला लोक वर्षभर ताटकळतात, काकी. त्याला काही दिसणार नाही. त्याला वाटेल, आपलंच चुकलं. परत बघेल.

सुगंधा : एवढी वर्षं ह्यांनी थापा मारल्या, कोणाचं काय बिघडलं? पोरीनं एक मारली, तर लगेच आकाश पडणार आहे?

भिकाजी : सुगंधा, तसा नाय ता. माझ्यातून तू वजा करतेस. सेक्टरातलं शेंबडं पोर वजा करतं. हिच्यातून कोण करणार? हिचं बोलणं लोक जसंच्या तसं उचलतात गो.

सुगंधा : म्हणून तिनंच मार खायचा?

भिकाजी : मी कुठे म्हणतो खा? मी फक्त म्हणतो, थापा मारणं माझं काम आहे. हिला नाही जमायचं.

अनुपमा : काका बरोबर बोलतायत. उद्या सकाळी सर आले की आधी हेच सांगते. चित्र पुढे ठेवते, आणि बाजू दाखवते. टेलेक्स थांबवा म्हणते.

सुगंधा : ओरडतील?

अनुपमा : आधी ओरडतील. मग स्वतः मोजतील. मग माझ्याकडे बघणार नाहीत, खिडकीतून बाहेर बघतील. त्यांचंही नाव होतं ना टेलेक्सवर.

सुगंधा : आणि मार्चचं?

अनुपमा : मार्चचं काय, मार्च यायचा तेव्हा येईल.

सुगंधा : देवा. आणि मी त्या पलीकडच्या घरातल्या नलिनीला सांगून बसले. ती कालच विचारत होती, तारा कधी दिसणार, गच्चीवरून दिसेल ना. तिची सून तर शेजारच्या सेक्टरात पण बोलून आली. सगळे आता अनूला विचारणार.

भिकाजी : नलिनीला तू सांगायच्या आधी मी सांगितलं होतं?

सुगंधा : तुम्हीच तर पहिल्यांदा सांगितलं! नळावर उभं राहून सगळ्यांना!

भिकाजी : काय सांगितलं होतं?

सुगंधा : की आमच्या अनूनं सूर्यापेक्षा मोठा तारा काढला, त्याचं नाव भिकाजी, आणि सरकार त्यावर आपल्याला प्लॉट देणार आहे.

भिकाजी : मग झालं तर! एवढी काळजी कसली करतेस? एकानं तरी खरं धरलं असेल काय?

अनुपमा : काका! प्लॉट?

भिकाजी : कोपऱ्यातला. पाण्याच्या कनेक्शनसकट. इथं चारकोपात नळाला धड पाणी नाही, तिथं तरी मिळो!

सुगंधा : हसताय काय दोघं? मला काळजी लागलीय आणि ही दोघं हसतायत.

अनुपमा : काकी, हसू दे. अगं, पाण्याचं कनेक्शन!

सुगंधा : ह्या पेढ्यांचं काय करू आता? खोका परत नेणार?

भिकाजी : पेढे दुर्बिणीचे. तिची खोड सापडली, त्याचे पेढे. त्यात कमी काय आहे?

अनुपमा : नाही ना, काही कमी नाही. उलट बरंच झालं. आता त्या दुर्बिणीनं काढलेली सगळी चित्रं परत तपासतील. सगळ्यांचे ठिपके आपापल्या जागी येतील. कितीजणांची कामं सुधारतील! आणि उद्या टेलेक्स गेला असता आणि मग हे बाहेर पडलं असतं, तर केवढं हसं झालं असतं. सुटले मी.

सुगंधा : चल, मी चहा टाकते. आलं घालू?

अनुपमा : घाल. भरपूर घाल. आणि काकी, तुझी बांगडी घे, फुटली नाही बघ.

सुगंधा : राहू दे तिथंच. मी आतून कप घेऊन येते.

भिकाजी : अनू.

अनुपमा : काय?

भिकाजी : सोंगट्या भरून ठेवू?

अनुपमा : ठेवते मी. तांबडी कुठे गेली? हां, ही काय. काका, मला खरंच काही वाटत नाहीये हं. एक ठिपका तर होता. आज आपला वाटला, उद्या दुसऱ्याचा निघाला. चालतं. मला तर हसूच येतंय. बघा ना, हसतेय मी.

भिकाजी : बघतोय. जन्म गेला ह्या धंद्यात, चेडवा. ही थाप आहे.